लांजेवार भाऊंचा समोरचा दात

दातांच्या दवाखान्यात आलेला माणूस खुर्चीत बसतो, आ करतो आणि गप्प राहतो, अशी माझी आपली भाबडी समजूत होती. लांजेवार भाऊ आमच्याकडे आले आणि पाचव्या मिनिटाला गळ्यात निळा कागदी रुमाल तसाच बांधलेला, हातात दातांच्या नमुन्यांची पट्टी, असे थेट रस्त्यावर गेले. त्यांच्या मागे हातमोजे घातलेली माझी डॉक्टर सून. तिच्या मागे मी, "अहो भाऊ, ती पट्टी दवाखान्याची आहे!" असं ओरडत. आणि भाऊ आमच्या नंदनवन वस्तीच्या भर रस्त्यात उन्हाकडे तोंड करून, दात विचकून, भाजीवाल्या कमलला विचारत होते, "सांग वं, यातला कोणता मॅच होऊन राहिला?"

मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यावर माळ ओढत बसायचा माझा स्वभाव नाही, म्हणून खालच्या मजल्यावर सुनेचा, प्राचीचा दवाखाना आहे तिथे नंबर लावायला बसते. पगार नाही, पण अधिकार भरपूर आहे. कलेक्टर आला तरी माझ्या वहीत नाव लिहिल्याशिवाय आत जाऊ शकत नाही. (अजून कोणी कलेक्टर आलेला नाही, हे खरं.)

लांजेवार भाऊ आमच्यापासून तीन घरं सोडून राहतात. सीताबर्डीच्या एका बोळीत त्यांचं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, परकर. दुकान कसलं, कपाटाला शटर लावलंय. पण नागपुरातल्या बायका लांबलांबून तिथे येतात, कारण भाऊंच्या डोळ्याला रंग दिसतो तसा कोणाला दिसत नाही. अर्थात दुकानात उभं राहून ते कोणालाच काही देत नाहीत. "बाई, ट्यूबलाइट खोटं बोलते. उजेडात चला," हे त्यांचं वाक्य ठरलेलं. मग साडीचं एक टोक बाईच्या हातात, दुसरं भाऊंच्या हातात, आणि मधून ऑटो. ऑटोवाला हॉर्न वाजवून हैराण, तर भाऊ त्यालाच विचारतात, "तुले काय वाटते गा? चिंतामणी का मोरपंखी?" तो बिचारा उत्तर देतो आणि मगच त्याला वाट मिळते.

भाऊंच्या जगात सगळ्या गोष्टींच्या तीनच प्रती. 'सेम टू सेम', 'जवळपास' आणि 'चालून जाते'. मुलीचं लग्न झालं तेव्हा मी विचारलं, जावई कसा आहे? म्हणाले, "चालून जाते." त्यांची बायको शोभावहिनी सांगते, "माझ्या वरणाला एवढ्या वर्षांत एकदाच सेम टू सेम मिळालं, आणि त्या दिवशी यांना ताप होता." आमच्या कंपाउंडच्या भिंतीला पेंटरने ठिगळ लावलं, तर हा माणूस सकाळी, दुपारी आणि चार वाजता असा तीन वेळा येऊन भिंतीसमोर उभा राहिला आणि मला निकाल सांगून गेला. "सकाळी जवळपास, दुपारी चालून जाते. चार वाजता पाहू नका बाई, बेइज्जती आहे." तेव्हापासून चार वाजता मी त्या भिंतीकडे पाहत नाही.

आता त्या दाताविषयी. वरचा समोरचा, डाव्या हाताचा दात अर्धा तुटलेला. तिरपा, करवतीने कापल्यासारखा. कात्री सापडली नाही की भाऊ त्याच कोपऱ्याने कापडाला चीर पाडायचे आणि टर्रकन कापड फाडायचे. पण फोटो काढायची वेळ आली की तोंड असं घट्ट मिटायचे की तोंडात पाण्याची गुळणी धरली आहे असं वाटावं.

हा दात तुटला कसा? इथे मात्र माणसागणिक वेगळी गोष्ट. मला सांगितलं, फुटाळा तलावाच्या पाळीवर सायकलवरून पडलो. माझ्या यजमानांना सांगितलं, कबड्डीत कोणाचं तरी डोकं लागलं. कमल भाजीवालीला सांगितलं, रामटेकला माकडानं नारळ फेकून मारला. आणि प्राचीने मागच्या एका केसपेपरवर लिहून घेतलं ते असं की कळमन्याच्या बाजारात संत्र्याच्या पेटीचा खिळा दातानं उपटत होतो. तीस वर्षं मी 'गृहपाठ का केला नाही' याची कारणं ऐकलेली बाई. थाप ओळखायला मला वेळ लागत नाही. पण दातासाठी एवढ्या थापा काहून, हे काही माझ्या लक्षात येत नव्हतं. मी आपली समजले, म्हातारपणी माणसाला नखरे सुचतात.

तर त्या सोमवारी सकाळी ते आले ते घाईतच. "बाई, डॉक्टर मॅडमले सांगा, हा दात पूर्ण करून पाहिजे. आजच."

"कोणाच्या लग्नात मिरवायचं आहे?"

"पासपोर्टचा फोटो काढायचा आहे."

"कुठे चाललात?"

"कुठंच नाही. असाच काढून ठेवतो."

मी वहीत नाव लिहिलं. थाप क्रमांक पाच, असंही मनात लिहिलं.

प्राचीने तपासलं, फोटो काढला. (आतला, पासपोर्टचा नव्हे.) दात जिवंत होता, मूळ घट्ट होतं. ती म्हणाली, "काका, कॅप बसवायची गरज नाही. बाँडिंग करू. दाताच्याच रंगाचा लेप थराथराने लावायचा, निळ्या दिव्याने कडक करायचा, मग घासून आकार द्यायचा. सुई नाही, दुखणं नाही, एका बैठकीत होतं."

एवढ्या सगळ्यातून भाऊंनी एकच शब्द उचलला. "रंग? कोणता रंग?"

प्राचीने नमुन्यांची पट्टी काढली. छोटे छोटे दात, प्रत्येकाला एक दांडी, दांडीवर नंबर. भाऊंनी चष्मा कपाळावर चढवला आणि मोजले. "बस सोळा? अख्ख्या दुनियेचे दात सोळा शेडमधी चालवून राहिले तुम्ही? माह्याकडे नुसत्या लालाचे एकोणचाळीस आहेत!" मग एकेक दात बोटांनी फिरवत, "हा मोतिया. हा बदामी. हा श्रीखंडी, पण केशर कमी टाकलेला. मॅडम, इथं ट्यूबलाइट आहे. उजेडात चला."

ती मिरवणूक रस्त्यावर कशी पोहोचली ते वर सांगितलंच आहे. कमलने मेथीच्या जुड्या खाली ठेवल्या, हात पुसले आणि पट्टीतला सगळ्यात पांढरा दात निवडला. "हा घ्या भाऊ. हा गोरा दिसते." शेजारचे दोघं-तिघं जमा झाले. एकाने ए-टू सांगितला, एकाने ए-थ्री. दवाखान्याची अब्रू जाऊन राहिली होती आणि माझी सून खुशाल हसत होती. ती म्हणाली, "आई, काकांचं बरोबर आहे. रंग उजेडातच पाहायचा असतो." घ्या! म्हणजे माझ्याच घरात फितुरी.

तिने ए-थ्री ठरवला. भाऊ मात्र आणखी गंभीर झाले. "मॅडम, एक चूक होऊन राहिली. दात ओले आहेत. ओल्या कपड्याचा शेड पाहत नसतात. ओला कपडा एक शेड डार्क दिसते. आधी सुकवा, मग पाहा."

"काका, दात तोंडात ओलेच असतात. सुकले की ते उगाच पांढरे दिसतात. म्हणून तर आम्ही रंग सुरुवातीलाच ठरवतो."

"ते तुमच्या पुस्तकात असंन. चाळीस वर्षं मी हेच करून राहिलो. दातातल्या डॉक्टर तुम्ही, रंगातला मी."

आणि त्यांनी खिशातून रुमाल काढला, दात खसाखसा पुसले आणि माझ्या टेबलावरच्या पंख्यासमोर तोंड उघडं टाकून बसले. वीस मिनिटं! बाकावर बसलेल्या एका आजींना वाटलं, हीच ट्रीटमेंट आहे. त्या मला हळूच म्हणाल्या, "माझा पंख्याचा नंबर कधी येईल वं?"

वीस मिनिटांनी ए-थ्री खरोखरच त्यांच्या दातांशेजारी मळका दिसायला लागला आणि ए-वन शोभायला लागला. "पाहा! मी म्हटलं नव्हतं?" प्राचीने परत समजावलं, परत त्यांनी मान हलवली. तिने माझ्याकडे पाहिलं. आणि इथे चूक माझी, ती मी लपवत नाही. मी म्हटलं, "देऊन टाक वं. माणसानं जन्मभर रंगच पाहिलेत." प्राचीने त्यांच्याकडून केसपेपरवर लिहून घेतलं. भाऊंनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'शेड मी स्वतः पसंत केला आहे. माल बदलून मिळणार नाही हे मान्य.'

काम झालं. अर्ध्या दाताचा पुरा दात झाला. भाऊ आरसा घेऊन पुन्हा रस्त्यावर गेले, उजेडात पाहिलं आणि ओरडले, "सेम टू सेम!" मी तर चाटच पडले. शोभावहिनीच्या वरणाला जे मिळालं नाही ते माझ्या सुनेला मिळालं होतं. मी संध्याकाळभर खुशीत होते.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, दवाखाना उघडायच्या आधीच भाऊ पायरीवर बसलेले. तोंडावर रुमाल. मी विचारलं, "दुखतंय का?" त्यांनी नुसती मान हलवली आणि रुमाल खाली केला.

मायबाई! बाकीचे दात पाणी पिऊन, वरण-भात खाऊन आपापल्या जुन्या रंगावर आले होते आणि मधोमध तो एकटा पांढराफटक. बाथरूमची एक टाइल नवीन बसवावी तसा. मला हसू आवरेना. हसले, चांगली पोटभर हसले आणि मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. डोळे लाल झालेले. मला माझीच लाज वाटली.

"आज बदलून देता येते का, बाई? लिहून दिलं ते मले मान्य आहे. पण आजच पाहिजे."

"पासपोर्टची एवढी घाई?"

"पासपोर्ट कायचा! दादा आला आहे आर्वीहून. आज दुपारी त्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. उद्या सकाळी पट्टी निघते."

तोपर्यंत प्राचीही खाली आली होती. मी त्यांना आत बसवलं, चहा दिला आणि म्हटलं, आता नीट सांगा. माकड, कबड्डी काही नको.

मग त्यांनी सांगितलं. बावीस वर्षांपूर्वी ते दुकान दोघा भावांचं होतं. थोरले प्रभाकरदादा आणि हे धाकटे दिनकर. एक बाई साडी घेऊन आली. हे म्हणाले मेंदी, दादा म्हणाले शेवाळी. ट्यूबलाइटखाली अर्धा तास वाद. "मी बोलून गेलो, बाई. गिऱ्हाइकासमोर म्हटलं, तुले रंग समजत नाही, तू गल्ल्यावर बस. त्यानं मले हाताले धरून दुकान शिकवलं होतं. त्याच्या हातात कापड मोजायचा लोखंडी मीटर होता. त्यानं फेकला. मारायले नाही, रागानं फेकला. लागला."

अर्धा दात यांच्या तळहातावर आणि समोर दादा उभे. दुसऱ्या दिवशी दादा दुकानात आलेच नाहीत. बायकोच्या गावी आर्वीला गेले, तिथे पिठाची गिरणी टाकली. भांडण संपलं, येणं-जाणं राहिलं. लग्नाकार्यात भेट व्हायची. पण दादांची मान खाली ती खालीच. "माह्याशी बोलते, पण पाहते माह्या चपलेकडे. 'दिनू, बरा आहेस ना गा?' हे त्यानं माह्या चपलेले विचारलं, एकोणीस वर्षं."

"आणि त्या सगळ्या थापा?"

"मग दादाचं नाव काहून सांगू लोकांले? माकडाचं काय जाते."

प्राचीने विचारलं, "पण काका, हे तर आधीच करता आलं असतं. इतकी वर्षं का थांबलात?"

भाऊंनी कप खाली ठेवला. "आधी रागात नाही केलं. म्हटलं पाहू दे त्याले, काय केलं ते. मग राग गेला, दात तसाच राहिला." आणि मग हळू आवाजात, "खरं सांगू मॅडम? त्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशी मी सुजलं तोंड घेऊन ते कापड रस्त्यावर नेऊन पाहिलं. शेवाळीच होतं. दादा बरोबर होता. तेव्हापासून मी उजेडात नेल्याशिवाय कोणाले काही देत नाही."

चहा गार झाला होता. मी उगाच वही उघडली आणि मिटली.

"तीन वर्षांआधी दादाच्या दोन्ही डोळ्यात मोतीबिंदू उतरला. त्याले चेहरे दिसेना. माणसं आवाजावरून ओळखायले लागला. आणि बाई, पाप लागंन, पण मले बरं वाटलं. कारण तो मान वर करून बोलायले लागला. दात दिसतच नव्हता ना त्याले! तीन वर्षं माह्या तोंडाकडे पाहून बोलून राहिला दादा. आता उद्या त्याले दिसंन. आणि हा असा पांढरा पाहिला तर पहिली नजर तिथंच जाईन. पुन्हा मान खाली जाईन त्याची." त्यांनी रुमाल परत तोंडावर धरला.

त्या दिवशी पहिले पाच नंबर दुसऱ्यांचे होते. मी वही काढली आणि पाचही नावांच्या वर 'लांजेवार' लिहिलं. वशिल्याने नंबर द्यायची माझी ती पहिलीच वेळ. बाकावरच्या आजींनी कुरकुर केली, तर त्यांना मी पंख्यासमोर बसवलं.

प्राचीने तो पांढरा थर घासून काढला. पण रंग त्याच्याही आधी, तोंड ओलं असतानाच पाहून ठेवला. रस्त्यावरच, पण या वेळी पंचांना न बोलावता. हिरडीजवळ एक रंग, टोकाला दुसरा. मधे तिने विचारलं, "काका, आरसा देऊ? पाहता का एकदा?" भाऊ डोळे गच्च मिटून पडले होते. मानेनेच नाही म्हणाले. बोलता आलं तेव्हा म्हणाले, "तुम्हीच पाहा मॅडम. आज माह्या डोळ्यावर माहा भरवसा नाही." मी दारात उभी होते. त्यांच्या हाताची बोटं खुर्चीच्या कडेवर कापड चाचपल्यासारखी हलत होती.

उठताना प्राचीने दटावलं, "यापुढे दाताने कापड फाडायचं नाही, दोरा तोडायचा नाही. सुपारीसुद्धा नाही." त्यांनी शाळेतल्या मुलासारखी मान हलवली आणि आरशात न पाहताच डोळ्यांच्या दवाखान्यात निघून गेले, दादाच्या ऑपरेशनला.

बुधवारी सकाळी मी शिऱ्याचा डबा घेऊन त्यांच्या घरी गेले. पेशंटची विचारपूस हा आपला बहाणा. खरं तर माझ्याने राहवत नव्हतं. ते अजून यायचे होते. थोड्या वेळाने ऑटो थांबला. काळा चष्मा लावलेले दादा मागे बसलेले, त्यांच्या शेजारी शोभावहिनी, आणि लांजेवार भाऊ पुढे ड्रायव्हरला खेटून, बाहेर तोंड करून. शोभावहिनी उतरताच माझ्या कानात पुटपुटली, "पट्टी निघाली तसे हे व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. सकाळपासून तोंडच दाखवून नाही राहिले भावाला."

दादांना पलंगावर बसवलं. घरात चष्मा काढला तरी चालेल असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यांनी तो काढला आणि खोली पाहिली. पडदा पाहिला, भिंतीवरचा आईबापांचा फोटो पाहिला, शोभावहिनीला म्हणाले, "शोभा, केस पांढरे झाले वं तुझे." मग म्हणाले, "दिनू कुठं गेला?"

भाऊ माझ्या मागे उभे होते. साठी उलटलेला माणूस माझ्या पदराआड! मी बाजूला सरकले आणि त्यांना चक्क पाठीवर हात देऊन पुढे ढकललं. ते दादांसमोर गेले. उभे राहिले. आणि मग हसले. मी त्यांना असं हसताना कधीच पाहिलं नव्हतं. तोंड भरून, सगळे दात दाखवून.

दादांची नजर सवयीने आधी खाली गेली. जमिनीवर, चपला नसलेल्या पायांवर. मग ती हळूहळू वर आली. दादांनी हात पुढे केला, धाकट्या भावाची हनुवटी धरली आणि त्याचं तोंड खिडकीकडे वळवलं. एक दात पाहिला, दुसरा पाहिला. परत पहिला पाहिला. शोभावहिनीने माझा हात दाबून धरला होता.

"दिनू," दादा म्हणाले, "कोणता होता गा?"

हसू तसंच ठेवून भाऊ म्हणाले,

"आठवत नाही, दादा."

"खोटारडा लेकाचा," दादा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले, तशी शोभावहिनी ओरडली, "अहो दादा, डोळ्यात पाणी चालत नाही! डॉक्टरांनी सांगितलंय!" आणि कापूस शोधायला आत पळाली. दादांनी तिचं ऐकलं नाही. हनुवटी सोडली नाही, मानही खाली घातली नाही. ते भावाच्या तोंडाकडे पाहतच राहिले.